सतरा नंबर, हजर

१

“ऐकू येतंय का?”

मॅडमचा दिवस या प्रश्नानं सुरू व्हायचा आणि पुष्कळदा याच प्रश्नापाशी अडकून पडायचा. एकदा विचारायचं, दोनदा विचारायचं, माइकवर टिचकी मारायची, पुन्हा विचारायचं. पडद्यावर काळे चौकोन आणि त्या चौकोनांत नावं. तीही काय एकेक नावं! एकाचं नाव ‘फोन’, दुसऱ्याचं ‘बाबांचा मोबाइल’, तिसऱ्याचं नुसतंच ‘गॅलरी’. यातलं कोण कुठलं, देव जाणे. बरं, समोर बाकांवर बसलेली अर्धी मुलं तरी? त्यांना ऐकू येत होतं यात शंकाच नाही, पण प्रश्न आपल्याला नाहीच अशा थाटात ती मख्खासारखी बघत राहायची.

अर्धा वर्ग इथे, अर्धा आपापल्या घरी. बांधकामाच्या पदविकेचं पहिलं वर्ष. ज्याला जमेल त्यानं वर्गात यावं, नाही त्यानं घरून जोडून घ्यावं, आज इथे असलेला उद्या तिथे गेला तरी कुणी विचारायचं नाही, अशी मोठी उदार पद्धत. पद्धत काढणाऱ्याचं काय जातंय? घसा फुटतो तो शिकवणाऱ्याचा. बाकांकडे बघून बोललं की घरचे लिहिणार, आवाज लांबून येतोय. लॅपटॉपकडे बघून बोललं की बाकांवरचे जांभया देणार. मॅडमची मान दिवसभर इकडून तिकडे आणि तिकडून इकडे.

छतातून एक माइक लोंबत होता, भिंतीवर दोन स्पीकर होते आणि टेबलावर एक काळी पेटी. ही सगळी जोडणी करून गेलेल्या माणसाला सगळे वायरवाला म्हणत. त्यानं मॅडमना एकदा समजावून सांगितलं होतं, “वर्गातलं कुणी बोललं की पेटीवरचा हिरवा दिवा लागणार. घरून कुणी बोललं की निळा. तेवढं बघत जा, म्हणजे कोण कुठून बोलतंय ते कळेल.” मॅडमनी मान डोलावली होती. बोलणारंच कुणी नाही, तर दिवे कशाला बघायचे?

तशी एक मुलगी बोलायची. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. तो बाक इतका खिळखिळा की नुसतं बूड टेकलं तरी करकरायचा. केसांचा अंबाडा घालून त्यात पेन्सिल खोचायची, म्हणून मॅडमच्या मनात तिचं नाव पेन्सिलवाली. हजेरीत सतरा नंबर. मॅडमनी काही विचारलं की अंबाड्यातली पेन्सिल काढून वर करायची. सत्र सुरू झालं तेव्हा तिच्याच जिवावर वर्ग चालला होता. आणि मग एके दिवशी तो बाक रिकामा. दुसऱ्या दिवशीही रिकामा. मॅडमनी सुस्कारा सोडला. झालं, हीसुद्धा घरी बसली. काळ्या चौकोनांत आणखी एक चौकोन.

त्याच आठवड्यात विभागप्रमुखांनी फर्मान काढलं. हा माणूस तोंडानं फारसं बोलायचाच नाही, जे काही असेल ते छापून पाठवायचा, म्हणून सगळे त्याला परिपत्रक म्हणत. या सत्रात ज्या वर्गाची हजेरी आणि प्रतिसाद समाधानकारक नसेल, तो वर्ग पुढच्या वर्षीपासून ध्वनिचित्रफितींवर चालवण्यात येईल. म्हणजे सरळ सांगायचं तर, मॅडमनी आत्ता जे बोलून ठेवलंय तेच पुढे दरवर्षी वाजवायचं आणि मॅडमनी घरी जायचं. बारा वर्षं कंत्राटावर काढलेल्या बाईला हे कागदावर वाचायला मिळालं, आणि तेही खाली ‘कळावे’ लिहून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी विचारलं, “ऐकू येतंय का?” शांतता. “अरे, ऐकू येतंय का?” शांतता. कुणाच्या तरी बाटलीचं झाकण खाली पडलं आणि गोल फिरत राहिलं. मॅडमचं डोकंच फिरलं.

“दगडांशी बोलतेय का मी? कुणीतरी बोला रे! वर्गातल्यांनी बोला, घरच्यांनी बोला, कुणीही बोला. आता मला कुणीही चालेल!”

झाकण थांबलं.

“येतंय, मॅडम.”

आवाज बारीक होता, नाक चोंदल्यासारखा. मुलाचा की मुलीचा, तेही धड कळेना. पण मॅडमना इतकं बरं वाटलं की त्यांनी कोण म्हणून विचारलंसुद्धा नाही.

२

तिथून पुढे वर्गाची तऱ्हाच बदलली. मॅडमनी विचारावं आणि उत्तर यावं. “काँक्रीट ओतल्यावर त्यावर पाणी का मारायचं?” “लवकर सुकू नये म्हणून, मॅडम.” “वीट भिजवून का घ्यायची?” “नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी पिते, मॅडम.” उत्तर यायला थोडा वेळ लागायचा, आधी एक श्वास ऐकू यायचा, पण यायचं हमखास.

हा आवाज घरचा, असं मॅडमनी गृहीत धरलं. पडद्यावर त्या आकृत्या लावत, त्यामुळे चौकोन दिसत नसत. आणि शिक्षकाची जात ती, हातात एक चांगला विद्यार्थी सापडला की बाकीच्यांना झोडपायला काठी मिळाली. “बघा, घरी बसून तो कसा बोलतोय! आणि तुम्ही? बाकं उबवताय नुसती!”

बाकांवरची मुलं माना खाली घालायची.

हजेरीही सुधारली. मॅडम नंबर पुकारत, त्याला बाकांवरून नाहीतर स्पीकरमधून ‘हजर’ असं उत्तर येई. मॅडम मान खाली घालून हातातल्या टॅबवर खूण करत. खूण केली रे केली की त्या मुलाच्या घरी संदेश जाई, ‘आपला पाल्य आज वर्गात हजर आहे’ किंवा ‘गैरहजर आहे’. ही परिपत्रकाचीच सोय. आता इतके नंबर भराभर पुकारायचे, तर दर वेळी मान वर करून कोण बघत बसणार? कुठलाच शिक्षक बघत नाही. मधले काही दिवस गप्प असलेला सतरा नंबर आता रोज ‘हजर’ म्हणत होता, एवढंच मॅडमच्या लक्षात आलं. पेन्सिलवालीची गाडी रुळावर आली म्हणायची, असं त्यांना वाटलं.

मग एक दिवस परिपत्रक स्वतः वर्ग बघायला आला. मागे उभं राहून त्यानं सगळं ऐकलं आणि जाता जाता चक्क तोंडानं म्हणाला, “प्रतिसाद चांगला आहे, मॅडम. असाच ठेवा.” मॅडमना हसू आवरेना. खुर्चीत बसल्या आणि सहज त्यांची नजर पेटीवर गेली.

“तर भिंतीला ओल कुठून येते, सांगा बरं?” त्यांनी विचारलं.

श्वास ऐकू आला. मग तो बारीक आवाज म्हणाला, “आतून, मॅडम.”

“आतून कशी येईल? जमिनीतून येते, नाहीतर छतातून.” मॅडम म्हणाल्या. पण त्या पेटीकडेच बघत होत्या. त्या स्वतः बोलल्या तेव्हा हिरवा दिवा लागला होता. तो आवाज बोलला तेव्हा निळा लागायला हवा होता. निळा लागला नव्हता. हिरवाही नाही.

३

“दिवा गेला असेल,” वायरवाला म्हणाला. त्यानं पेटी उघडली, आत फुंकर मारली, मॅडमना बोलायला लावलं. हिरवा लागला. मग तो व्हरांड्यात जाऊन स्वतःच्या मोबाइलवरून वर्गाला जोडला गेला आणि “हॅलो, हॅलो” म्हणाला. निळा लागला.

“काही बिघाड नाही, मॅडम.”

“मग मघाशी का नाही लागला?”

“कुणी बोललंच नसेल.”

“अहो, मी ऐकलं ना! सगळ्या वर्गानं ऐकलं.”

वायरवाल्यानं खांदे उडवले आणि पेटी बदलून दिली. नवी पेटी आली आणि नव्या पेटीचंही तेच. मुलं बोलली की दिवे बरोबर लागायचे. तो आवाज बोलला की दोन्ही दिवे ढिम्म.

घरी मॅडमनी नवऱ्याला सांगितलं. नवराही दिवसभर घरातूनच काम करायचा, कानात ती इअरफोनची बोंडं घालून. “अगं, आवाज पोचायला वेळ लागतो ना, दिवा आधी लागून गेला असेल,” तो म्हणाला.

“मी टक लावून बघत होते.”

“हं.”

“आणि भिंतीला ओल आतून येते म्हणाला. असं कोण म्हणतं?”

“हं.”

“मी उद्यापासून छपरावर जाऊन राहणार आहे.”

“हं, बरोबर आहे,” नवरा म्हणाला. मॅडमनी त्याच्या कानातलं एक बोंड उपटून टेबलावर आपटलं. वर्गात तेच, घरात तेच. या जगात आपलं बोलणं नक्की जातं तरी कुठे? त्यांना रडूच यायला लागलं. आणि त्या रडण्यातच एक नको तो विचार मनात आला, की दिवसभरात आपल्याला नीट उत्तर देतो तो एकच आवाज, आणि त्याचाच दिवा लागत नाही.

४

दोन दिवसांनी ‘बाबांचा मोबाइल’नं लिहिलं, ‘मॅडम, रागावू नका, पण तुम्ही सगळे प्रश्न वर्गातल्यांनाच विचारता. आम्ही माइक चालू करेपर्यंत वर्गातलं ते कोण आहे ते बोलून मोकळं होतं. आम्हाला संधीच मिळत नाही.’

मॅडमनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग मान वर करून बाकांना विचारलं, “तुमच्यातलं कोण उत्तरं देतं रे?”

पुढच्या बाकावर एक टोपीवाला बसायचा. तो म्हणाला, “आमच्यातलं कुणीच नाही, मॅडम. तो घरचा आहे ना? तुम्हीच तर रोज त्याच्यावरून आम्हाला बोलता.”

मॅडमची नजर पेटीवर गेली. पण विचार करणारं डोकं लगेच पुढे आलं. फाजीलपणा! दुसरं काय? कुणीतरी दोन्हीकडच्यांना बनवतंय. त्यांना भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर राग आल्याचं बरंच वाटलं.

“सगळ्यांनी तोंडावर बोट ठेवा,” त्या कडाडल्या. घोडे झालेल्या मुलांनी हसत हसत तोंडावर बोटं ठेवली. मॅडमनी लॅपटॉपवरून घरच्या सगळ्यांचे माइक बंद केले. शिवाय टेबलाखाली वाकून स्पीकरची वायर उपटली. उठल्या, पदर सारखा केला. खोलीत पंख्याचा तेवढा आवाज.

“ऐकू येतंय का?”

कुणीच बोललं नाही. मॅडमनी श्वास सोडला. आणि त्यांचा श्वास संपला तरी श्वासाचा आवाज चालूच राहिला.

“येतंय, मॅडम.”

मुलं खिदळली. टोपीवाला तोंडावरचं बोट काढून म्हणाला, “मॅडम, एकाचा माइक राहिलाय चालू!” त्याच वेळी पडद्यावर ‘गॅलरी’नं लिहिलं, ‘वर्गातलंच कुणीतरी मस्करी करतंय मॅडम, आम्हाला स्पष्ट ऐकू आलं.’ जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवत होता आणि जो तो निर्धास्त होता. स्पीकरची वायर मात्र मॅडमच्या हातात होती. ती त्यांनी मुलांना दाखवली नाही. गुपचूप परत जोडली आणि विटांचे प्रकार शिकवायला घेतले.

का नाही दाखवली? कुणाला सांगणार? परिपत्रकाला? साहेब, माझ्या वर्गात जो एकटा बोलतो तो माझ्या वर्गात नाही, असं? प्रतिसाद चांगला आहे म्हणून वर्ग वाचला होता. मॅडमनी तोंड बंद ठेवलं.

५

मधल्या सुट्टीत शिपाई सांगत आला की तुम्हाला भेटायला कुणी बाई आल्यात. शिक्षकांच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर एक बाई बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. रात्रभर प्रवास करून आल्याचं दिसत होतं.

“मी सतरा नंबरची आई,” ती म्हणाली. मुलीचं नाव सांगून भागणार नाही, इथे नंबर लागतो, हे तिला गेटवरच कळलं असावं. “तिला जरा बोलावता का? फार वेळ नाही घेणार. आमचं फोनवर भांडण झालं होतं. मी जरा जास्तच बोलले. तेव्हापासून फोन उचलत नाही माझा.”

“ती घरून शिकते ना हल्ली?” मॅडम म्हणाल्या.

“घरून? नाही हो. ती इथेच राहते, वसतिगृहात. रोज वर्गात येते ना. मला संदेश येतो.”

तिनं मोबाइल काढून दाखवला. एकाखाली एक. आपला पाल्य आज वर्गात हजर आहे. आपला पाल्य आज वर्गात हजर आहे.

“मध्ये दोन-तीन दिवस गैरहजर आलं, तेव्हा माझा जीव उडाला होता. निघणारच होते बघा, पिशवी भरली होती. पण मग पुन्हा हजर यायला लागलं. म्हटलं, असू दे रुसलेली. वर्गात जातेय ना, मग ठीक आहे. वर्गात आहे म्हणजे तुमच्या डोळ्यांसमोर आहे.”

मॅडम तडक उठल्या. त्या बाईला घेऊन वसतिगृहात गेल्या. सोबत राहणारी मुलगी म्हणाली, “ती तर केव्हाच घरी गेली ना? आईशी भांडण झालं, मग रडत होती, सकाळी उठले तर नव्हती. मला वाटलं गेली घरी, तिथूनच वर्ग करतेय.” पलंगावरची चादर नीट घातलेली होती. मोबाइलचा चार्जर भिंतीत तसाच, आणि खिडकीत एक अर्धी झालेली पेन्सिल.

वर्गातल्यांना वाटलं ती घरी. घरच्या चौकोनांना वाटलं ती वर्गात. मैत्रिणीला वाटलं आईकडे, आईला वाटलं मॅडमच्या डोळ्यांसमोर. इतक्या सगळ्यांच्या मधोमध ती मुलगी कधीची नव्हती, आणि मॅडम रोज स्वतःच्या बोटानं ती आहे म्हणून कळवत होत्या.

आईनं पेन्सिल उचलून पिशवीत टाकली. मग ती मॅडमकडे वळली.

“पण मग हजर कोण म्हणतंय?”

६

चौकीत तक्रार दिली. तिथल्या माणसानं पहिला प्रश्न विचारला, शेवटची कधी दिसली? आणि मग कॉलेजच्या हजेरीवर बोट ठेवून म्हणाला, “काल हजर होती की ही.”

मॅडम परिपत्रकाकडे गेल्या. “साहेब, हजेरी चुकली आहे. माझी चूक आहे. तसं लिहून द्या, म्हणजे ते शोधायला लागतील.”

परिपत्रकानं चष्मा काढून पुसला. “खूण तुमच्या हातची आहे, मॅडम. ती खोटी म्हणायची तर मग सगळीच हजेरी खोटी. मग प्रतिसाद? तोही खोटाच का?”

“मुलगी हरवलीय, साहेब!”

“शोधतील ना. आपण चौकशी समिती नेमू.” त्यानं पुढ्यातला कोरा कागद ओढला. समोर धडधडीत माणूस उभं असताना हा गृहस्थ कागदाशी बोलणार. मॅडमच्या हातात काही असतं तर त्यांनी ते फेकून मारलं असतं. शेवटी त्यांनी स्वतःच चौकीत जाऊन लिहून दिलं की खुणा आपण न बघता केल्या. वर्ग जायचा तर जाऊ दे. पण लिहून दिलं म्हणून गेलेले दिवस थोडेच परत येतात?

दुसऱ्या दिवशी आई वर्गाच्या दारात उभी.

“मला तो आवाज ऐकायचाय,” ती म्हणाली.

“नको, ताई.”

“माझी मुलगी असेल ती. कुठेतरी बसून बोलत असेल. रागानं तोंड दाखवत नसेल.”

मॅडमना नाही म्हणवेना. आई दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. बाक करकरला. मुलं वळून बघायला लागली. मॅडमनी टॅब घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा मान वर करून हजेरी घ्यायला सुरुवात केली. सोळा झाल्यावर त्यांनी पेटीकडे बघितलं.

“सतरा.”

श्वास ऐकू आला. पेटीवर अंधार होता.

“हजर, मॅडम.”

आई ताडकन उठली. स्पीकरकडे बघितलं, छताकडे बघितलं, मुलांच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरून गेलं.

“ही ती नाही,” ती म्हणाली. “ही माझी मुलगी नाहीच.”

७

आता तुम्ही म्हणाल, त्या बाईनं पुन्हा तिथे पाय ठेवला नसेल. मॅडमनाही तसंच वाटलं होतं. पण आई दुसऱ्या दिवशी आली. तिसऱ्या दिवशीही आली. सकाळी चौकीत जाऊन यायची, तिथे ‘शोध चालू आहे’ एवढंच ऐकायची आणि मग येऊन त्या बाकावर बसायची. हजेरी झाली की पिशवी उचलून निघून जायची. मुलांना सवय झाली. टोपीवाला तर तिला पाण्याची बाटली नेऊन द्यायला लागला.

आवाज रोज ‘हजर’ म्हणायचा. मॅडमनी सतराच्या पुढे गैरहजर अशी खूण करायची आणि लगेच मान फिरवायची. आईच्या मोबाइलवर ‘गैरहजर’ आलेलं त्यांना बघवत नसे.

एक दिवस वर्गाबाहेर आई म्हणाली, “मॅडम, आज सर्दी नव्हती ना आवाजाला?”

“माझं लक्ष नव्हतं.”

“नव्हती. मोकळा होता आज.” ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. “तिलाही अशीच सर्दी व्हायची, लहानपणी.”

“ताई, तुम्हीच म्हणालात ना, ही ती नाही म्हणून?”

“हो, म्हणाले.”

दोन दिवसांनी म्हणाली, “आज ‘मॅडम’ म्हणताना शेवटी जरा ओढलं. ती असंच ओढते. मला ‘आई’ म्हणताना.” मॅडमच्या अंगावर सरसरून काटा आला. कारण हे खरं होतं. आवाज बदलत होता. आई रोज वसतिगृहाच्या पायरीवर, चौकीत, व्हरांड्यात मुलीबद्दल काही ना काही सांगत बसायची, आणि दुसऱ्या दिवशी ते त्या आवाजात असायचं.

त्या दिवशी घरी नवऱ्यानं आपण होऊन कानातली बोंडं काढली. “अगं, तू बोलत का नाहीस हल्ली?” त्यानं विचारलं. मॅडमनी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायचीच भीती वाटायला लागली होती. आपण बोललेलं कोण कोण ऐकतं, कुणास ठाऊक.

पण एक त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं. उद्यापासून सतरा पुकारायचाच नाही. विचारलंच नाही, तर उत्तर कसं येईल? वर्ग गेला तर गेला. एक तरी दार आपण बंद करायचं.

८

सकाळचं ऊन बाकांवर आलं होतं. आई तिच्या जागी बसली होती, बाकाच्या मधोमध, मोबाइल समोर ठेवून. मॅडमनी तिच्याकडे न बघता सुरुवात केली. मुलं ‘हजर’ म्हणत होती, हिरवा लागत होता, निळा लागत होता. सगळं रोजच्यासारखं.

“पंधरा.”

“हजर.”

“सोळा.”

“हजर, मॅडम.”

“अठरा.”

अठरा नंबर म्हणजे टोपीवाला. तो ‘हजर’ म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात मागून आई म्हणाली, “मॅडम, सतरा राहिला.”

“नाही राहिला, ताई.”

“राहिला हो. सोळानंतर एकदम अठरा घेतलात.”

मॅडम बाकांच्या मधून चालत तिच्यापाशी गेल्या आणि खाली वाकल्या. “नका ना असं करू,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “आपण शोधू तिला. मी येते तुमच्याबरोबर, रोज येईन, कॉलेज सोडून येईन. पण हे नको. ती नाहीये ती. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे.”

“मला माहीत आहे,” आई म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते. फार थकलेली दिसत होती, आणि थोडी वैतागलेली, झाकण पडलं त्या दिवशी मॅडम स्वतः होत्या तशी. “मी काय वेडी आहे? पण मॅडम, फोन लावते तर कुणी उचलत नाही. चौकीत कुणी बोलत नाही. वसतिगृहात कुणाला काही माहीत नाही. दिवसभरात मला उत्तर देतं ते एवढंच. घ्या तुम्ही. मला आता कुणीही चालेल.”

मॅडमनी तिच्या तोंडावर हात ठेवायला हात उचललासुद्धा. पण बोलून झालं होतं. पंखा चालू होता, तरी वर्गात एकदम शांत वाटलं. मॅडम पाठमोऱ्या न होता, एकेक पाऊल मागे टाकत टेबलापाशी आल्या. सतरा पुकारायचा नाही, हे त्यांनी तेव्हाही ठरवलेलंच होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते.

पण आईनंच पुकारलं.

“सतरा,” ती हळूच म्हणाली, आणि बाकावर जराशी सरकून बसली, शेजारी कुणाला जागा द्यावी तशी.

बाक करकरला. एकदा तिच्या सरकण्यानं. आणि मग, ती अगदी स्थिर झाल्यावर, पुन्हा एकदा.

“हजर, मॅडम.”

शेवटी थोडंसं ओढून. पेटीवरचा हिरवा दिवा लागला.

तो विझेना. मॅडमना मान वर करायची नव्हती. हातातल्या टॅबवरची खूण त्यांनी केली की आपोआप झाली, हे त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. बाकावर ठेवलेला आईचा मोबाइल संदेश आल्यासारखा थरथरला.

आईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं पिशवीतून ती अर्धी पेन्सिल काढली होती, आणि ती शेजारी बघत होती.